कोऱ्या तळाचे बूट

भावोजी बुटांच्या दुकानात शिरले की आधी बूट बघत नाहीत, दुकानदाराकडे बघतात. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात सारा जन्म गेला त्यांचा. बाजारातून चालत निघाले की दोन्ही बाजूंचे तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं ते स्वतःच सांगतात, आणि त्यात फार वाढवून सांगितलेलं नसावं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी नजर तीच. दुकानदार बिचारा "या साहेब, काय दाखवू?" म्हणतो, आणि भावोजी त्याच्याकडे असे बघतात की याने काटा मारलेला आहे हे नक्की, फक्त कुठे मारलाय तेवढं शोधायचं बाकी आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस सोन्यासारखा आहे, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला सवड मिळेल असं वाटत नाही. मी आजारी होते तेव्हा रोज संध्याकाळी येऊन माझ्या औषधाच्या बाटलीवर पेनाने खूण करून जायचे, डोस चुकला की नाही ते दुसऱ्या दिवशी कळावं म्हणून. सख्खा नवरा विचारत नव्हता तेव्हा भावोजी बाटली उजेडात धरून बघत होते. फक्त एकच आहे, त्यांच्या हातून कुठलीही गोष्ट पास होत नाही. खात्यात होते तोवर बरं होतं. वजन बरोबर असेल तर त्यावर शिक्का ठोकायचा, खोटं असेल तर जप्त करायचं. घरात शिक्का नाही, आणि जप्त करून न्यायचं तरी कुठे? म्हणून मग ते नुसतेच तपासत बसतात. ताईने भाजी आणली की वजन. ताईने नळ सोडला की धार. पंखा एका अंगाला झुकलाय का, दूधवाल्याचं माप चेपलेलं आहे का, शेजारच्यांचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या पुढे का.

"अगं, मी कांदा चिरत होते," ताई मला फोनवर सांगत होती, "तर मागे येऊन उभे. म्हणाले, पहिल्या फोडी जाड आहेत, नंतरच्या बारीक. म्हटलं, मग? तर म्हणे, काही नाही, सांगितलं आपलं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? कांदाच होता, रडून घेतलं."

हा फोन गॅलरीतून आला होता. ताईचे सगळे फोन हल्ली गॅलरीतून येतात, आणि मध्येच आवाज बदलून ती म्हणते, "हो हो, साबणाचंच बोलत होते." म्हणजे भावोजी आले.

ताईचं दुखणं काय होतं ते मला त्याच दिवशी नीट कळलं. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा घरात सासू, सासरे, दोन दीर. मग दीर आपापल्या वाटेने गेले तोवर मुलं आली. मुलं शिकून लांब गेली तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात भावोजी निवृत्त झाले. मधला जो काय महिना मिळायचा, तो भेटायला येणाऱ्यांची चहाची भांडी विसळण्यात गेला.

"मला काही नको गं," ताई म्हणाली. "प्रवास नको, दागिना नको. मला माझ्या घरात एकदा एकटीला बसायचंय. कुणी काही मागत नाही, कुणी काही विचारत नाही. नुसतं बसायचंय. ते खुर्चीत बसलेत आणि मी खुर्चीत बसले, तसं नाही. मी एकटीच."

"बस की मग. कोण नको म्हणतंय?"

"कधी बसू? हा माणूस घराबाहेर पडत नाही. सकाळी पेपर आणायला जातात ते सुद्धा पेपरात काय छापलंय ते मला वाचून दाखवायला धावत परत येतात."

बहीण रडून मागत होती ते इतकं थोडं होतं की मला चैन पडेना.

आमच्या गावाच्या कडेला एक बाग आहे. बाग कसली, एक तळं, त्याच्या मागे एक टेकडी आणि मधून मातीची पायवाट. मी तिथे फिरायला जाते. बागेच्या व्यवस्थापक बाई माझ्या ओळखीच्या. वयस्कर लोकांचा एक गट आठवड्यातून तीन सकाळी तळ्याला फेरी मारून टेकडी चढतो, आणि त्यांना नेऊन परत आणायला एक जबाबदार माणूस बागेला हवा होता. काम सोपं. सगळ्यांना गोळा करायचं, पुढे चालायचं, मागे कुणी राहिलं तर थांबायचं, आणि नेले तितके परत आणायचे. आधी हे काम करणारे गृहस्थ चपला घालून टेकडीवर गेले, उतारावर घसरले आणि हात प्लास्टरमध्ये घालून घरी बसले. म्हणून बाईंची एकच अट होती, पायात धड बूट पाहिजेत.

मी त्याच क्षणी भावोजींचं नाव सांगून टाकलं. तीन सकाळी! ताईला सांगितलं तर फोनवर बराच वेळ आवाजच येईना.

"आहेस का?"

"आहे," ताई म्हणाली. "तीनही?"

भावोजींनाही काम मनापासून आवडलं. नेले तितके परत आणायचे हा हिशेब त्यांच्या जिभेला अगदी गोड लागला असणार. "येतो म्हणून सांग," ते म्हणाले. "फक्त बूट घेऊ एक जोड."

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

त्यांच्याकडे होते ते बूट खात्यातले, काळे, गुळगुळीत, तळ इतका झिजलेला की ओल्या फरशीवर उभं राहून फक्त घसरायचंच बाकी. नवे घ्यायचे तर एकच जोड, असा त्यांचा निश्चय. रोजचे वेगळे, बागेचे वेगळे ही थेरं त्यांना मान्य नव्हती. ताई म्हणाली, "मला यांच्याबरोबर पाठवू नकोस, मी वाटेतच कुठेतरी निघून जाईन." म्हणून मी गेले. संध्याकाळीच गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. हे भावोजींचं म्हणणं खरं आहे, मी नंतर स्वतःच्या पायावर पाहिलं. पण त्यांची खरी मतं ऐकायलासुद्धा माणसाला दम लागतो.

पहिल्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "कशासाठी हवेत साहेब? ऑफिसला, फिरायला, की डोंगरावर?"

"सगळ्यासाठी."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की बँकेत गेलो तर तिथे शोभले पाहिजेत. बाजारात चिखल असला तर पाणी आत येता कामा नये. उन्हात पाय शिजता कामा नयेत. आणि टेकडी चढलो तर टेकडीने मला सोडता कामा नये."

दुकानदार म्हणाला, "असा बूट मिळाला ना साहेब, तर दोन जोड घ्या. एक मला आणा."

मी हसले. भावोजी हसले नाहीत. त्यांनी एक बूट उचलला, दोन्ही हातांनी वाकवला आणि माझ्यापुढे धरला. "बघ मेहुणीबाई. बूट पुढून वाकला पाहिजे, जिथे बोटं वाकतात तिथे. हा मधून मिटतोय. हा बूट आहे का पुस्तक?"

दुसऱ्या दुकानात बूट पुढून वाकत होता, पण रंग असा की भावोजींनी डोळ्यांवर हात धरला. तिसरीकडे रंग बरा, तर बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा नव्हती. पुढचा एक जोड सगळ्या बाजूंनी बरा होता. करडा, ना धड खेळाचा ना धड ऑफिसचा, तळाला खाचा, टाच घट्ट. मला आशा वाटायला लागली. भावोजी दुकानभर चालले, आरशापर्यंत गेले, परत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"ऐकलंस?"

"काय?"

"उजवा बोलतोय."

"काय बोलतोय?"

"कर्र. आता ऐक हं." ते चालले. मला रस्त्यावरच्या रिकाम्या ट्रकचा आवाज ऐकू आला, दुकानदाराचा उसासा ऐकू आला, बूट काही बोलला नाही. "आला?" भावोजींनी विचारलं.

"आला भावोजी," मी म्हटलं. खोटं बोलल्याने घरी लवकर जाता येईल असं वाटलं. उलट झालं. मी साक्षीदार झाल्यामुळे त्यांनी तो बूट पुढची पंधरा-वीस मिनिटं दुकानदाराच्या कानाशी वाकवून दाखवला.

शेवटी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे भिंतीवर पाटी होती. आठ दिवसांच्या आत बूट परत घेतले जातील, तळ मळलेला नसावा, खोकं शाबूत असावं. भावोजींनी ती पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. त्यांना त्या दुकानातला बूट एकही आवडला नव्हता, पण पाटी फारच आवडली.

"म्हणजे घरी नेऊन तपासता येईल," ते म्हणाले.

"तपासायला नव्हे हो साहेब, चुकून नंबर लहानमोठा झाला तर," दुकानातली मुलगी म्हणाली.

"तसं लिहिलेलं नाही."

खरंच लिहिलेलं नव्हतं. मी त्या पोरीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्हा दोघींनाही तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला जोड घरी आला आणि तिसऱ्या दिवशी ताईचा गॅलरीतून फोन. "तू आधी इकडे ये आणि बघ."

मी तिसरा मजला चढून गेले. दारापासूनच जुन्या चादरी अंथरलेल्या. बैठकीच्या खोलीतून, मधल्या बोळातून, झोपायच्या खोलीतून थेट गॅलरीपर्यंत. भावोजी पूर्ण कपड्यांत, पायात नवे बूट, हात मागे बांधून त्या चादरीवरून फेऱ्या घालत होते. तळ मळू नये म्हणून.

"ये ये," ते म्हणाले. "चादरीच्या बाहेरून ये. तुझे पाय धुळीचे असतील."

झोपायच्या खोलीत त्यांनी गादीची एक बाजू खुर्चीवर टेकवून उतार केला होता. ही टेकडी. ते टेकडी चढले, वर क्षणभर डुगडुगत उभे राहिले आणि उतरले. "उतारावर बोटं पुढे आपटतात का ते बघावं लागतं," ते मला म्हणाले. "बरेच लोक हे बघत नाहीत."

"बरेच लोक गादीवर झोपतात," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिथे ओट्यावर दुसरंच. स्वयंपाकाच्या काट्यावर एक बूट बसलेला. डावा उजव्यापेक्षा जड भरत होता म्हणे. मी म्हटलं, लेस एकीकडची लांब असेल. हे मी बोलायला नको होतं. भावोजींनी दोन्ही लेसा काढल्या, वेगवेगळ्या तोलल्या, आणि त्या सारख्या भरल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की बाजारातला सगळ्यात मोठा चोर सापडला असावा. तो जोड परत गेला.

दुसरा आला. त्याच्या आतल्या गादीला वास होता. परत. तिसऱ्याला पाणी लागत नव्हतं पण वाराही लागत नव्हता. हे कळायला भावोजी दुपारभर मोजे आणि बूट घालून खुर्चीत बसले आणि दर थोड्या वेळाने ताईला म्हणाले, "हात लावून बघ, घाम आलाय का?" परत. दर वेळी तळ कोरा, खोकं शाबूत. दुकानातल्या मुलीला बोट ठेवायला जागा नाही. भावोजी लांबून दिसले की ती आतल्या खोलीत निघून जाते आणि मालक स्वतः पुढे येतो, असं मी नंतर पाहिलं.

"आता तर सकाळचा पेपरही आणायला जात नाहीत," ताई म्हणाली. "बूट बदलायला वेळ जातो म्हणे. अगं, मी यांना घराबाहेर काढायला बघत होते आणि हे घरातल्या घरातच बागेत जायला लागले. माझ्याच घरात मला भिंतीला धरून चालावं लागतंय. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय."

बागेच्या बाईंचे निरोप मलाच येत होते. "तुमचे भावोजी कधी येणार?" मी सांगायची, या आठवड्यात. मग सांगायची, पुढच्या आठवड्यात. एकदा बाई सरळ म्हणाल्या, "हे बघा, एक बँकेतले गृहस्थ विचारून गेलेत. चांगले दणकट आहेत. रविवारी तुमचे आले तर आले, नाहीतर मी त्यांना हो सांगते. गटाला किती दिवस गेटवर बसवून ठेवू?"

मी शनिवारी दुपारी ताईकडे गेले. मनात म्हटलं, आज जे काय ते एक घाव दोन तुकडे.

त्या वेळी घरात चौथा का पाचवा जोड होता. मळखाऊ तपकिरी रंगाचा, फार चकचकीत नाही, तळ जाड पण जड नाही, बोटांशी रुंद. मला त्यात खोट दिसेना. ताईला दिसेना. आणि मजा म्हणजे भावोजींनाही दिसत नव्हती. ते चादरीवर उभे राहून पायांकडे बघत होते आणि चेहरा पडलेला.

"काय झालं?" मी विचारलं. "चावतात?"

"नाही."

"बोलतात?"

"नाही गं."

"मग प्रश्न काय आहे? उद्या सकाळी घालून चला."

"उद्या आठवा दिवस आहे," भावोजी म्हणाले. "दुकान उघडलं की आधी परत करून येतो. बागेचं पुढच्या रविवारी बघू."

"परत? का?"

"आज काही सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं. काही वजनं पहिल्या तपासणीत बरोबर भरतात."

मी त्यांना बँकेतल्या गृहस्थांचं सांगितलं. रविवार गेला की काम गेलं, हेही सांगितलं. भावोजी खुर्चीत बसले आणि लेस सोडायला लागले. मग खाली बघतच म्हणाले, "तो आधीचा माणूस पडला ना, तेव्हा सगळा गट वर उभा होता. सगळ्यांनी बघितलं असेल."

"बघणारच. हात धरून उठवलंही असेल."

"हो, पण आधी बघितलं असेल."

मला राग तर आलेलाच होता, तो कुठे ठेवावा कळेना. बाजारात ज्यांच्याकडे बघायचं धाडस कुणी करत नव्हतं, ते भावोजी मोजे घालून खुर्चीत बसले होते आणि पायाशी काढून ठेवलेल्या बुटाची लेस वाकून सरळ करत होते.

"म्हणजे बुटांत काही दोष नाही," ताई म्हणाली. ती बोळाच्या तोंडाशी कधी येऊन उभी राहिली आमच्या लक्षात आलं नव्हतं.

"सापडला नाही," भावोजी म्हणाले.

"बरं."

एवढंच म्हणून ती आत गेली. कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली. भावोजींच्या पायाशी ठेवलेले ते तपकिरी बूट तिने उचलले, दाराशी नेले, आणि त्यात एकेक पाय घातला. भावोजींचा पाय बेताचा, ताईचा चांगला सणसणीत, घरात दोघांच्या सपाता एकाच मापाच्या. बूट तिला हातमोज्यासारखे बसले. तिने वाकून लेसा बांधल्या, दुहेरी गाठ मारली.

"अगं," भावोजी म्हणाले. "अगं, तू कुठे… ते बूट…"

"कचरा टाकून येते."

"अगं, सोल!"

दार बंद झालं. आम्ही दोघं गॅलरीत धावलो. खाली इमारतीच्या अंगणात एक नळ आहे, तो महिनोन्महिने गळतो आणि झाडांच्या वाफ्याशी त्याने छान चिखल करून ठेवलाय. ताईने बादली रिकामी केली. मग सरळ रस्ता सोडून ती वाफ्यात शिरली. एका टोकाने शिरली, दुसऱ्या टोकाने निघाली. थांबली, वळली, आणि पुन्हा एकदा त्यातून आली. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला.

"ती घसरेल," भावोजी म्हणाले. त्यांनी कठडा धरला होता. "वाफ्याला उतार आहे. मेहुणी, तिला सांग ना, उतार आहे."

ताई घसरली नाही. ती जिना चढून वर आली, दारातून आत आली आणि चादरीवरून चालायला लागली. त्या दिवसापर्यंत जपलेल्या पांढऱ्या चादरीवर दारापासून खुर्चीपर्यंत एकामागोमाग एक ओले, तपकिरी, खाचांसकट ठसे उमटले, खात्यात वजनांवर ठोकायचे त्या शिक्क्यांसारखे ठळक. भावोजींच्या पुढ्यात येऊन ती थांबली.

"बोटांना जागा आहे," ती म्हणाली. "टाच धरते. पुढून वाकतात. ओल्यात घसरत नाहीत, आवाज करत नाहीत. पाणी आत आलेलं नाही, हवं तर मोजे बघा. पास."

"अगं, पण आता ते परत घेणार नाहीत!"

"नाही घेणार."

"मग?"

"मग उद्या सकाळी घाला. मी रात्रभरात वाळवून ठेवते."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. घेतलेली वस्तू वापरायची नाही हे त्यांच्या रक्तातच नाही, हे ताईला चांगलं ठाऊक. आयुष्यात त्यांनी औषधाची गोळीसुद्धा आजार बरा झाला म्हणून टाकून दिलेली नाही.

रविवारी मला त्यांच्याबरोबर जावंच लागलं. मी नसेन तर ते गेटवरून परत येतील अशी भीती होती. बागेच्या गेटवर गट उभा होता, दहाबारा आजीआजोबा. भावोजींनी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांची पाठ ताठ झाली.

"तुमची लेस सुटली आहे. तुमची टाच झिजलेली आहे, आज चालेल, पुढच्या वेळी नाही. तुम्ही…" ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंसमोर थांबले. "या सपाता आहेत."

"मग?" बाई म्हणाल्या. "मी गेली तीन वर्षं यातच येते."

"टेकडीवर सपाता चालणार नाहीत."

"मी शाळेत मुख्याध्यापिका होते. मला रांगेतून बाहेर काढलेलं मला चालत नाही."

"मी निरीक्षक होतो. मला मागच्या बाजूला पट्टा नसलेलं पादत्राण चालत नाही. तुम्ही तळ्याची फेरी करा, टेकडीपाशी बाकावर बसा, परत येताना तुम्हाला घेऊ."

मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी माशी शिंकली. बाईंचं नाक लाल झालं. पण मागून एका आजोबांनी "बस गं बाकावर, मलाही कंपनी होईल" म्हटलं, आणि तोंडाने पुटपुटत का होईना, बाई बसल्या. बाकीचे टेकडी चढले. उतारावर भावोजी सगळ्यात खाली आडवे उभे राहिले आणि एकेकाला "आधी टाच, आधी टाच" म्हणत उतरवून घेतलं. त्यांचा स्वतःचा पाय एकदा खड्यावरून सरकला. सगळ्यांनी बघितलं. भावोजींनी पाय परत रोवला आणि म्हणाले, "इथे खडा आहे. इथे नको, इकडून या."

खाली आल्यावर व्यवस्थापक बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमचे भावोजी जरा कटकटे आहेत हो."

"जरा?"

"पण गेले तितके सगळे आले. मंगळवारपासून येऊ द्या. आणि आज थांबतील का थोडा वेळ? कोठीतल्या दोऱ्या, काठ्या, औषधाची पेटी कुणीतरी एकदा बघायला हवी होती. बारापर्यंत सोडते."

कोठी तपासायची हे ऐकून भावोजी आत गेलेसुद्धा. माझा निरोपही घेतला नाही.

मी तशीच ताईकडे निघाले. ही बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती, तिचा चेहरा बघायचा होता. दोन महिने मी दुकानादुकानांत उभी होते, नसलेले आवाज ऐकले होते, दुकानदारांचे उसासे झेलले होते. इतका हक्क माझा होता. तीन मजले एका दमात चढले आणि घंटा वाजवली.

कुणी उघडलं नाही. पुन्हा वाजवली. मनात नको ते यायला लागलं.

"कोण?" ताईचा आवाज आला. दाराशी नाही, आतून, बसल्या जागेवरून.

"मी आहे!"

"ते आहेत बरोबर?"

"नाहीत. एकटीच आहे."

"पडले का?"

"नाही! घेतलं त्यांना. मंगळवारपासून. आज बारापर्यंत तिथेच आहेत, कोठी तपासतायत."

मी वाट बघत राहिले. आता उठेल, आता कडी निघेल.

"बाराला नक्की?" ताईने विचारलं.

"बाईंनी तसं सांगितलंय. अगं, दार उघड ना."

"मग तू बाराला ये."

"काय?"

"बाराला ये गं. ते आले की तिघं मिळून चहा घेऊ."

"अगं ताई, मी तीन मजले चढून आलेय! तुझ्यासाठी मी दोन महिने…"

"हो ना, दमली असशील," ताई आतून अगदी मायेने म्हणाली. "घरी जाऊन जरा पड."

त्यानंतर आतून काही आवाज नाही. भांड्याचा नाही, पाण्याचा नाही, खुर्चीसुद्धा हलली नाही. मी त्या बंद दाराकडे बघत उभी राहिले. दार वाजवावं, चार गोष्टी सुनवाव्यात असं मनापासून वाटत होतं, आणि हात उचललाही होता. मग तो खाली घेतला आणि जिना उतरायला लागले.

दुसऱ्या मजल्यावर शेजारीण भेटली, वर चालली होती. हातात रिकामी वाटी.

"आहेत ना ताई घरात?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बारापर्यंत घरात कुणी नाही."